एअर पंप तापून दुपारी आणि पहाटे बंद पडतो: बायोफ्लॉक टाकीच्या हवेबाबत सल्ला हवा

बोडीकाठ (लाखांदूर तालुका), १८ मे, सायंकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. माझ्या घरामागे ताडपत्रीच्या दोन बायोफ्लॉक टाक्या आहेत (यांत पाण्यातल्या जिवाणूंचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, माशांची घाण खाऊन टाकतात, म्हणून हवा सतत लागते). प्रत्येकीचा व्यास ४ मीटर असून त्यांत ३ फूट, म्हणजे सुमारे ११ हजार लिटर पाणी आहे. एकीत पंगास आहे, दुसरीत गिफ्ट (सुधारित वाणाचा) तिलापिया. दोन्ही टाक्यांना मिळून विद्युतचुंबकीय पिस्टनचा एकच एअर पंप आहे. तो सुमारे १०० वॅटचा असून त्याच्या पाटीवर मिनिटाला १३० लिटर हवा असे लिहिले आहे, आणि त्यावर १६ एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) चालतात.

गेल्या आठ दिवसांपासून हा पंप दुपारी १ ते ४ च्या दरम्यान आपोआप बंद पडतो, वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआपच सुरू होतो आणि तासाभरात पुन्हा बंद पडतो. त्याच्या अंगाला हात लावला तर क्षणभरही ठेववत नाही. पहाटे ३ च्या सुमारासही तो असाच बंद पडतो, आणि त्या वेळी तर हवा बरीच गार झालेली असते. काल पहाटे मी बॅटरी घेऊन टाकीवर गेलो, तेव्हा तिलापिया सगळा वर येऊन तोंडे उघडझाप करीत होता. पंगास मात्र शांत होता.

पंपावरचा भार कमी व्हावा म्हणून मी सध्या १६ पैकी ५ स्टोनचे कॉक बंद करून ठेवले आहेत. शेजारच्या एका दादांनी पिस्टनमध्ये शिलाई मशीनचे तेल दोन थेंब सोडायला सांगितले आहे. ते सोडू का? नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आला आहे, म्हणून काळजी वाटते.

वाइंडिंगवाले काका (ब्रह्मपुरी), १८ मे, रात्री ८:५५

भाऊ, सर्वांत आधी ते पाचही कॉक उघडा. बाकीचे वाचन नंतर करा.

शेतातल्या सेंट्रिफ्यूगल मोटारपंपाचा व्हॉल्व्ह आवळला की मोटारीचे अँपिअर कमी होतात, त्यामुळे एअर पंपाचेही तसेच होत असेल असे पुष्कळांना वाटते. परंतु एअर पंपाचे याच्या उलट असते. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा मारून पाहा, नळी लगेच गरम लागते. हवा दाबली की तापते, आणि बाहेर पडायला वाट जितकी कमी तितकी ती जास्त दाबली जाते. शिवाय या पंपाला वेगळा पंखा नसतो. जी हवा तो टाकीला देतो, तीच जाता जाता त्याच्या कॉइलला आणि सिलिंडरला थंड करते. तुम्ही कॉक बंद केले तेव्हा दाब वाढला आणि थंड करणारी हवाही कमी झाली. हवा जास्त वाटत असेल तर एक तोंड मोकळ्या हवेत सोडून द्यावे, पण आवळू नये.

तेल अजिबात सोडू नका. या पिस्टनची रिंग कोरडीच चालण्यासाठी बनवलेली असते. तेल सोडले तर ते धुळीत मिसळून त्याचे काळे वंगण होते आणि पिस्टन अडकतो. उरलेले तेल हवेबरोबर थेट माशांच्या पाण्यात जाते.

पंप आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होतो, याचा अर्थ आतले थर्मल कटआउट (जास्त तापले की वीज तोडणारा स्विच) आपले काम चोख करीत आहे. ते काढून तारा थेट जोडून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांना तसे करू देऊ नका. माझ्याकडे उन्हाळ्यात जळून येणाऱ्या पंपांत असे थेट जोडलेलेच जास्त असतात.

आता मला चार गोष्टी कळवा. पंप नेमका कुठे ठेवला आहे, हवा आत घेण्याच्या जागेची धूळ गाळणारी फेल्टची चकती शेवटची कधी धुतली, स्टोन किती जुने आहेत, आणि दुपारी व पहाटे घरात व्होल्टेज किती असते?

बोडीकाठ, १९ मे, सकाळी ६:३०

काका, कॉक रात्रीच उघडले. पंप टिनाच्या शेडमध्ये, छतापासून हातभर खाली लाकडी फळीवर ठेवला आहे. वीज गेल्यावर पाणी नळीतून पंपात परत येऊ नये म्हणून तो उंच ठेवायला सांगितले होते. स्टोन आठ महिन्यांचे आहेत आणि पाणी बोअरचे आहे. व्होल्टेज मोजायला माझ्याकडे मीटर नाही.

फेल्टची चकती असते हेच मला आजवर ठाऊक नव्हते. आज झाकण उघडून पाहिले. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर राईस मिल आहे आणि तिचा कोंडा वाऱ्यावर सतत उडत असतो. पांढरी असायला हवी ती चकती मातकट पिवळी झाली होती आणि तिच्यावर नखाएवढ्या जाडीचा, ओल धरून घट्ट बसलेला कोंड्याचा थर होता. सुरीने खरवडला तेव्हा तो पापुद्र्यासारखा एका तुकड्यात निघून आला. चकती साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घातली आहे.

मत्स्यविद्या (नागपूर), १९ मे, सकाळी १०:१५

दादा, मी तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकले आहे आणि सध्या गावोगावच्या बायोफ्लॉक टाक्यांचे पाणी तपासण्याचे काम करते. पंपाच्या यंत्रभागाबद्दल काका सांगतीलच. मी पाण्याची बाजू मांडते.

गोड्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो सुमारे ७.५ आणि ३५ अंशांना ७ च्या किंचित खाली येतो. म्हणजे पाणी तापते तशी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते, आणि नेमक्या त्याच वेळी माशांची व फ्लॉकमधल्या जिवाणूंची मागणी वाढते. साध्या बोडीत (लहान तळ्यात) पृष्ठभाग मोठा असतो आणि मासे विरळ असतात, त्यामुळे तिथे थोडी उसंत मिळते. बायोफ्लॉकमध्ये मात्र जिवाणूच इतके असतात की हवा थांबल्यावर प्राणवायू मिनिटामिनिटाला खाली येतो. पंगास वर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, तिलापियाला ती सोय नाही. पहाटे तिलापियाच आधी का तडफडला, याचे हे कारण आहे. पंप नीट होईपर्यंत तिलापियाच्या टाकीतले दुपारचे आणि सायंकाळचे खाद्य बंद ठेवा, कारण खाल्लेले पचवायलाही प्राणवायू लागतो.

स्टोनबद्दल सांगायचे तर बोअरच्या जड पाण्याने आठ महिन्यांत त्यांच्या छिद्रांत क्षार बसलेच असतील, आणि त्यावर फ्लॉकचा चिकट थरही असेल. एका वेळी चार-पाच स्टोन काढून ते लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, ब्रशने घासा, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. चिकटपणासाठी काही जण ब्लीचिंग पावडर वापरतात. ती वापरायचीच असेल तर वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या बादलीत वापरा. लिंबूसत्त्व किंवा कोणतेही आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो माणसाच्या फुप्फुसाला घातक असतो.

बोडीकाठ, १९ मे, दुपारी १२:०५

ताई, खाद्य आजपासून थांबवतो. एक शंका आहे. पंपातून निघणारी हवा नळीत हाताला चांगली गरम लागते. त्या हवेने टाकीचे पाणी तापत असेल का? तसे असेल तर दुपारी पंप बंद ठेवलेला बरा, असे घरचे म्हणतात.

मत्स्यविद्या, १९ मे, दुपारी १:३०

दादा, पंप दुपारी मुळीच बंद ठेवू नका. १३० लिटर हवेचे वजन जेमतेम १५० ग्रॅम भरते. ती हवा पाण्यापेक्षा २० अंशांनी गरम धरली तरी ती मिनिटाला सुमारे ३ किलोज्यूल उष्णता देते. तुमच्या दोन टाक्यांतले २२ हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला ९२ हजार किलोज्यूल लागतात. हिशेब केला तर अख्ख्या दिवसात त्या हवेने पाणी एक दशांश अंशानेही तापत नाही. उलट बुडबुडे फुटताना होणाऱ्या बाष्पीभवनाने पाणी थोडे थंडच होते. तुमचे पाणी तापते ते वरून पडणाऱ्या उन्हाने, म्हणून टाक्यांवर हिरवी शेडनेट नसेल तर आधी ती बांधा.

नवेगावकाठ (गोंदिया जिल्हा), १९ मे, रात्री ९:२०

स्टोन तुंबले आहेत की नाही हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. ते मोजता येते आणि त्याला दाबमापकही लागत नाही. गवंडी बांधकामाची पातळी पाहायला वापरतो ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. मी स्वतः गवंडीकाम केले आहे आणि दोन वर्षांपासून टाकी सांभाळतो, म्हणून ही युक्ती सुचली.

आठ फुटांचा सरळ बांबू उभा रोवा. पाइप त्याला इंग्रजी यू अक्षरासारखी दोन्ही बाजूंनी बांधा आणि दोन्ही बाजूंना चार-चार फूट पाणी येईल एवढे पाणी भरा. पाण्यात थोडी हळद घातली की रेष स्पष्ट दिसते. पाइपचे एक टोक वर उघडेच ठेवा. दुसरे टोक बांबूच्या माथ्यावरून खाली आणून, पंपाच्या पितळी मॅनिफोल्डची (हवा अनेक तोट्यांत वाटणाऱ्या नळीची) एक तोटी मोकळी करून तिच्यात बसवा. बाकीचे सगळे स्टोन चालू ठेवा. तोटीचा कॉक हळूहळू उघडा, एकदम उघडला तर पाणी वरून उडून जाते. पंपाकडची पातळी खाली जाईल आणि उघड्या बाजूची वर चढेल. दोन्ही पातळ्यांमधले अंतर टेपने मोजा. तेवढ्या फुटांच्या पाण्याचा दाब तुमचा पंप सध्या सोसत आहे.

तुमचे पाणी ३ फूट आहे, म्हणजे ३ फूट दाब तर लागणारच. चांगल्या स्टोनचा आणि नळ्यांचा मिळून अर्धा ते पाऊण फूट धरा. अंतर पावणेचारच्या आसपास आले तर स्टोन ठीक आहेत. पाचच्या वर गेले तर पंप स्टोनमधून हवा काढण्यातच थकतो आहे असे समजा.

परतवाड्याचा मत्स्यालयवाला, २० मे, सकाळी ११:००

मी शोभिवंत माशांचे दुकान चालवतो. आमच्याकडे छोटे डायफ्रामचे पंप असतात आणि दर मे महिन्यात त्यांचे रबर कडक होऊन चिरते. मग पंप गुणगुणतो, तापतो, पण हवा देत नाही. तुमचा पिस्टनचा आहे, त्यामुळे तो प्रश्न तुम्हाला येणार नाही. पंपासमोर कूलर लावला तर चालेल का, हे मात्र मलाही काकांकडून जाणून घ्यायचे आहे. काही जण ओले पोतेही गुंडाळतात.

वाइंडिंगवाले काका, २० मे, दुपारी २:१०

ओले पोते विजेच्या यंत्रावर कधीही घालू नये. टाकीभोवती जमीन ओली असते, माणूस अनवाणी असतो, आणि त्यात पंपाचे अंग ओले झाले तर जीव जाऊ शकतो. टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळताच पुरवठा तोडणारा) प्रत्येकाने बसवावाच. कूलरचा झोत थेट पंपावर घेऊ नका. ताट्यांतून उडणारे जड पाण्याचे बारीक थेंब कॉइलवर आणि फेल्टवर क्षार सोडतात.

खरा इलाज जागा बदलण्याचा आहे. असे पंप साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आमच्या ब्रह्मपुरीला मे महिन्यात सावलीतच ४५ अंश होतात, मग टिनापासून हातभर खालची हवा किती असेल याचा विचार करा. उष्ण हवा वर चढून तिथेच कोंडते, आणि पंप तीच ओढतो. बोडीकाठ भाऊ, शेडच्या उत्तर बाजूला, भिंतीच्या सावलीत विटांचा चार फूट उंच ओटा बांधून पंप त्यावर ठेवा. पाण्याच्या पातळीच्या वर राहिला की झाले, त्यासाठी छताला टेकवायची गरज नाही. मुख्य नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (उलटा प्रवाह अडवणारा) घाला. चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा आणि खाली रबराचे पाय राहू द्या. टिनावर तणस पसरून ते बांधून टाकले तर शेडही निवेल.

बोडीकाठ, २३ मे, सायंकाळी ६:५०

मंडळी, तीन दिवसांचे काम सांगतो. नवेगावकाठ भाऊंनी सांगितल्याप्रमाणे बांबू रोवून हळदीचे पाणी भरले. पहिले माप ५ फूट ७ इंच आले! घरची सगळी मंडळी पाहायला जमली होती. एकेक स्टोन लिंबूसत्त्वात घातला तेव्हा त्यातून सोड्यासारखा फेस येत होता. दोन स्टोन घासूनही मोकळे झाले नाहीत, ते फेकून नवे आणले. सगळे बसवून आज पुन्हा मोजले तर ३ फूट ८ इंच भरले. बुडबुडे आता मधल्या भागात आणि कडेला सारखेच येतात. पूर्वी कडेचे तीन स्टोन जवळपास मुके होते.

पंप उत्तरेच्या ओट्यावर आणला. दोन दिवसांत दुपारी तो एकदाही बंद पडलेला नाही. हात ठेवला तर गरम लागतो, पण हात टिकतो.

पहाटेचे दुखणे मात्र तसेच आहे. आज ३:१० ला पुन्हा बंद पडला. बंद पडण्याआधी त्याचा आवाज बदलतो, नेहमीची घरघर जाऊन खडखड येते, जणू आत काही आपटत आहे.

वाइंडिंगवाले काका, २३ मे, रात्री ८:३०

भाऊ, ही खडखड ऐकूनच उलगडा झाला. पहाटेचा आजार वेगळा आहे. हा पंप म्हणजे चुंबकाने पुढेमागे खेचला जाणारा पिस्टन आणि त्याची स्प्रिंग. व्होल्टेज वाढले की चुंबकाची ओढ वाढते, पिस्टन आपली हद्द ओलांडून टोकाला आपटतो, लोखंडी गाभा चुंबकत्वाने तुडुंब होतो आणि कॉइलमधला प्रवाह व्होल्टेजच्या मानाने फार जास्त वाढतो. तेव्हा हवा गार असली तरी कॉइल आतून तापते.

पहाटे व्होल्टेज का वाढते, तर त्या वेळी गाव झोपलेले असते आणि तुमच्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) कृषिपंपांचा भार नसतो. निम्नदाब पुरवठा २३० व्होल्टच्या ६ टक्के खाली-वर, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्टमध्ये असायला हवा. मल्टिमीटर कुणाकडून तरी आणा आणि पहाटे ३ ला मोजा. कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून, कोरड्या जागी उभे राहून मोजा.

धारणीचा ब्लोअर, २४ मे, सकाळी ८:००

आमच्या गटाकडे १ अश्वशक्तीचा रिंग ब्लोअर (मोटारीवर फिरणाऱ्या चाकाने हवा देणारे यंत्र) आहे आणि तो नेमका सायंकाळी ७ ते १० मध्ये तापतो, जेव्हा दिवे पिवळे पडतात. मग आमचे गणित उलटे कसे? शिवाय ब्लोअरजवळचा पीव्हीसी पाइप मऊ होऊन सांध्यातून सुटला.

वाइंडिंगवाले काका, २४ मे, दुपारी १:४५

रिंग ब्लोअरला इंडक्शन मोटार असते. तिला ठरलेले काम करायचेच असते, म्हणून व्होल्टेज उतरले की ती जास्त अँपिअर ओढते आणि तापते. चुंबकी पंप कमी व्होल्टेजवर नुसता मंद होतो आणि जास्त व्होल्टेजवर तापतो. त्यामुळे बोडीकाठ भाऊंचा उपाय तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही. कॉक न आवळण्याचा नियम मात्र दोघांनाही सारखाच आहे. ब्लोअरपासून पहिली चार-पाच फूट जीआय पाइप टाका, म्हणजे हवा पीव्हीसीपर्यंत पोहोचेस्तोवर निवते.

बोडीकाठ, २५ मे, पहाटे ३:२५

आत्ताच मोजले. ३:०५ ला २५६ व्होल्ट होते, ३:१५ ला २५८. पंप खडखड करीत होता, म्हणून इन्व्हर्टरवर टाकला, तर खडखड थांबली पण वेगळाच भसाडा आवाज सुरू झाला.

वाइंडिंगवाले काका, २५ मे, सकाळी ७:१०

तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असणार. त्यावर चुंबकी पंप गुरगुरतो आणि तापतोही. तासा-दोन तासांची अडचण भागवायला चालेल, रोजच्या वापराला नाही. पुढे बदलायचा झाल्यास शुद्ध साइन लहरीचा घ्या.

पंपासाठी ५०० व्हीएचा वेगळा स्टॅबिलायझर घ्या. घेताना किमान २७० व्होल्टपर्यंतचा पुरवठा तो उतरवून देतो ना, हे पाटीवर वाचून घ्या, कारण पुष्कळ स्वस्त स्टॅबिलायझर फक्त कमी व्होल्टेज वाढवतात. दुसरे काम म्हणजे २५८ व्होल्टचा आकडा, तारीख आणि वेळ लिहून वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) बदलता येत असेल तर व्होल्टेज खाली आणता येते, आणि तुमच्याबरोबर साऱ्या गावाचे बल्ब व फ्रीज वाचतील.

बोडीकाठ, ६ जून, सायंकाळी ७:१५

स्टॅबिलायझर २८ तारखेला बसवला. ब्रेकरही बसवला. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, टॅप अजून बदललेला नाही. नवतप्यात दोन दिवस तर अंगणात उभे राहवत नव्हते, पण पंप दुपारी किंवा पहाटे एकदाही थांबला नाही. स्टॅबिलायझरनंतरचे पहाटेचे व्होल्टेज २२६ ते २३२ दरम्यान मिळते आणि खडखड पूर्ण गेली आहे. ताईंच्या सांगण्याप्रमाणे थांबवलेले तिलापियाचे खाद्य निम्म्यापासून सुरू करून आता पूर्ववत केले आहे.

बांबू काढलेला नाही. लेव्हल पाइपशेजारी बांबूवर ३ फूट ८ इंचांच्या अंतराची लाल खूण केली आहे आणि साडेचार फुटांची काळी. दर रविवारी चकती झटकतो आणि माप घेतो. परवाच्या रविवारी ३ फूट ९ इंच होते. काळ्या खुणेपर्यंत गेले की स्टोन काढणार. एक जुना पण चालू पंप उसना आणून ठेवला आहे, तोही त्याच मॅनिफोल्डला जोडता येईल का, की दोन्ही टाक्यांची लाइन वेगळी करावी?

वाइंडिंगवाले काका, ६ जून, रात्री ९:०५

लाइन वेगळी करा, भाऊ. एका टाकीला एक पंप द्या आणि मधे एक जोडणीचा कॉक ठेवा. तो एरवी बंद असू द्या आणि एक पंप थांबला तरच उघडा. प्रत्येक पंपाला स्वतःचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाही तर चालू पंपाची हवा बंद पंपातून बाहेर निघून जाईल. त्या दिवशी एका पंपावर सगळेच १६ स्टोन येतील, तेव्हा तिलापियाच्या बाजूचे आठ चालू ठेवा आणि पंगासच्या बाजूचे निम्मे तात्पुरते पाण्याबाहेर काढून न ठेवता फूटभर वर उचलून बांधा. उथळ पाण्यातल्या स्टोनमधून हवा सोपी जाते, म्हणून फूटभरापेक्षा जास्त उचलू नका, नाही तर सगळी हवा तिकडूनच पळेल. हे एकदा दिवसा करून पाहा आणि बांबूवर माप घ्या.